थंड ओसरीतले चेंडू

उर्दिबार, १२ फेब्रुवारी १९७९

चि. एनेरित्झ हिला मिलिया आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. परीक्षेच्या धास्तीने जेवण सोडू नकोस, आधीच काटकी आहेस. इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण खोटं लिहिताना माझं अक्षर बिघडतं, हे तुला ठाऊक आहे.

गुरुवारी भिंतीवरच्या हातचेंडूच्या सामन्यांसाठी चेंडूंची निवड होती. खेळाडूंनी नेहमीप्रमाणे चर्चच्या भिंतीवर एकेक चेंडू तळहाताने मारून पाहिला, दाबला, आवाज ऐकला आणि माझे बाराच्या बारा बाजूला सारले. मेलेले आहेत म्हणे, उसळतच नाहीत. माझा चुलतभाऊ बालेंदिन, त्याचे घेतले. सामन्यांच्या समितीचा चोमिन चारचौघांत म्हणाला की ओतायगी घराण्याचा हात म्हाताऱ्याबरोबरच गेला, बाईला लोकर घट्ट गुंडाळता येत नाही.

तुझे आजोबा नोव्हेंबरात गेले, पण त्यांची बोटं तू जन्मायच्या आधीच वाकडी झाली होती. बावीस वर्षं रबराच्या गोळीवर लोकर मी गुंडाळते, वर बकऱ्याचं कातडं मी शिवते. शिक्का तेवढा त्यांचा. इतक्या वर्षांत कुणाचा तळहात तक्रार घेऊन आला नाही. शिवणारी मी आहे हे गावाला कळलं, आणि चेंडू मेले.

कार्निव्हलच्या अंतिम सामन्यालाही माझा एकही चेंडू निवडला गेला नाही, तर बाबांचा शिक्का बालेंदिनला द्यायचं समितीने ठरवलंय. शिक्का गेला की माझं काम गेलं. मी तो सुखासुखी देणार नाही.

तू पदार्थविज्ञान शिकतेस. चेंडू का उसळतो आणि का उसळत नाही, ते मला कळेल असं लिही. माझा हात ढिला पडला असेल तर तसंही लिही. मी रडणार नाही.

लोभ ठेव आणि पायात लोकरी मोजे घाल.

तुझी
मिलिया आत्या

बिल्बाओ, १५ फेब्रुवारी

ती. मिलिया आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका संताप आला की आधी खिडकी उघडून उभी राहिले. आता शांतपणे लिहिते.

चेंडू भिंतीवर आदळला की क्षणभर चेपतो. मारणाऱ्याचा जोर त्या चेपण्यात साठतो आणि चेंडू पुन्हा गोल होताना परत मिळतो. किती परत मिळतो, यातच सगळी गोम आहे. मातीचा गोळा सगळा जोर गिळून बसतो. चांगलं रबर बराचसा परत करतं. लोकर ढिली असेल तर धागे एकमेकांवर घासतात आणि जोर उष्णता होऊन वाया जातो. घट्ट असेल तर कमी जातो. ती बाईने गुंडाळली की बुवाने, हे चेंडूच्या गावीही नसतं.

आणखी एक. रबर गारठलं की कंजूष होतं, घेतलेलं परत करत नाही. म्हणून मला सांग, निवडीच्या आधी तुझी टोपली कुठे होती, आणि बालेंदिनची कुठे? त्याचे दोन चेंडू दुकानातून आण. तुझा एक आणि त्याचा एक चुलीपाशी ठेव, दुसरी जोडी बाहेर थंडीत. मग सगळे एकाच उंचीवरून फरशीवर सोड आणि खडूने खुणा कर. जोराने टाकायचा नाही, नुसता सोडायचा. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून लिहिलं.

आशीर्वाद असू द्यावेत, मोजे घातले आहेत.

तुझी
एनेरित्झ

उर्दिबार, १९ फेब्रुवारी

चि. एनेरित्झ हिला अ. आ. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. शेजारची पांचिका खडू घेऊन भिंतीपाशी बसली आणि मी स्टुलावरून चेंडू सोडले. चुलीपाशी ठेवलेल्यांत माझा दोन बोटं वर गेला. गारठलेले दोन्ही कमी उसळले, पण माझा त्याच्यापेक्षा चार बोटं वर. म्हणजे हात ढिला नाही. हे लिहिताना जीव भांड्यात पडला, तुझ्यापासून काय लपवू.

आता टोपलीचं. निवडीच्या आदल्या रात्री टोपली चर्चच्या ओसरीत ठेवायची, सगळ्यांच्या एकाच थंडीत, म्हणजे कुणी कुणाला फसवू नये, ही रीत मला बाबांनी शिकवली. बाबा होते तोवर टोपली तेच न्यायचे. यंदा पहिल्यांदा मी नेली, आणि ओसरीत माझी एकटीचीच होती. बालेंदिनची त्याच्या मेहुण्याच्या बेकरीत, भट्टीशेजारी. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, तुझ्या बापाची टोपली दहा वर्षांत ओसरीत आली नाही, ती गुत्त्यात शेकोटीपाशी त्याच्या मांडीवर असायची. आणि बाबा घरी येऊन मला मात्र रीत सांगत.

चोमिनला म्हटलं, सगळ्या टोपल्या ओसरीत ठेवा. तो म्हणाला, असं कुठे लिहिलेलं नाही.

तुझी
मिलिया आत्या

बिल्बाओ, २० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

घाईत चार ओळी. सरळ बोटाने तूप निघत नाही, आत्या. गुरुवारच्या निवडीआधी तूही टोपली चुलीपाशीच ठेव. तुझे चेंडू सरस आहेत हे आपल्याला कळलंय, मग हट्ट कशासाठी? शिक्का हातचा जाईल.

तुझी काळजीत पडलेली
एनेरित्झ

उर्दिबार, २६ फेब्रुवारी

चि. एनेरित्झ हिला अ. आ. वि. वि.

नाही ठेवली. रागावू नकोस. चुलीपाशी ठेवून निवडले गेले असते, तर चोमिनच्या दृष्टीने चुलीचा हात बरा ठरला असता, माझा नाही. गुरुवारी माझे बारा पुन्हा नापास झाले. बालेंदिन घोंगडीत गुंडाळून टोपली घेऊन आला होता, बाळंतिणीचं मूल आणावं तशी.

काल सामना. नळाचं पाणी गोठलं होतं. पहिले दहा गुण बरे गेले, मग बालेंदिनचे चेंडू गार पडले आणि उकडलेला बटाटा आपटावा तसे भिंतीखाली बसायला लागले. लोक शिट्ट्या मारू लागले. आपल्या खोऱ्यातल्या लाझ्कानोने चेंडू चोमिनच्या पायाशी टाकला आणि म्हणाला की याने खेळून हात मोडून घ्यायचा नाही. मी पुढच्याच बाकावर होते. टोपली शनिवारपासून ओसरीत होती, तशीच उचलून आणली होती. लाझ्कानोने त्यातला एक घेऊन भिंतीवर मारला, पुन्हा मारला आणि म्हणाला, हाच.

मध्येच चेंडू बदलला तर तो कुणाचा ते समितीने भोंग्यावरून सांगायचं असतं. चोमिन हात पुढे करून आला. मी लाझ्कानोच्या हातून चेंडू घेऊन टोपलीत परत ठेवला, वर हात ठेवला आणि म्हटलं, आधी कुणाचा ते सांग. त्याने सांगितलं, ओतायगींचा चेंडू. मी म्हटलं, एक ओतायगी स्मशानात आहे, दुसरा हा बालेंदिन, तू कुणाचं म्हणतोस? चारशे माणसं हातांवर फुंकर मारत थांबली होती. मी टोपलीवरचा हात काढला नाही. शेवटी त्याने भोंग्यावरून माझं नाव घेतलं, पूर्ण.

लाझ्कानो हरला. तो त्याचा प्रश्न.

आज सकाळी चोमिन शिक्क्याचा निरोप घेऊन दारात आला. समितीने तो माझ्या नावावर केलाय. मी त्याला कॉफी दिली, शिक्का फडक्याने पुसला, कागदात गुंडाळला आणि त्याच्याच हाती बालेंदिनकडे पाठवला. बाबांवर माझा जीव होता, अजून आहे. पण मला थंडीची रीत शिकवून ते स्वतः शेकत बसले, आणि बावीस वर्षं माझ्या चेंडूंवर त्यांचं नाव होतं. आता पुरे.

दुपारी लोहाराकडे गेले. नवा शिक्का शुक्रवारी मिळेल. त्याने विचारलं, मिलियाच्या पुढे जागा उरते, आडनाव घालू का? म्हटलं, राहू दे मोकळी.

परीक्षा नीट दे. लोभ आहेच, तो तिथल्या थंडीत गारठू देऊ नकोस.

तुझी
मिलिया