दुसऱ्याच्या हातचे टाके

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस, सध्या घरीच, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या धाकाला न भिता आणि कुणाच्या गोड बोलण्याला न भुलता, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिलेच, आणि माझी प्रकृती पाहता बहुधा शेवटचेही.

वकीलबाईंच्या मसुद्यात यापुढे असे वाक्य होते की, माझी बुद्धी व स्मरणशक्ती पूर्णपणे शाबूत आहे. त्यातला ‘पूर्णपणे’ मी खोडला आहे आणि खाडाखोडीशेजारी सही केली आहे. वकीलबाई म्हणाल्या, “अहो, हे वाक्य सगळेच लिहितात. त्यातलं खरंखोटं कोण बघत बसतंय?” पण मी जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार खाल्ला. सदोष मालावर ‘तपासले, ठीक’ असा शिक्का कधी मारला नाही. आता तो स्वतःवर मारायची मला लाज वाटते. लाज तशी गेले काही महिने वाटतेच आहे. कशाची, ते कलम चारमध्ये येईल. आधी सोपे उरकून घेते.

कलम १. माझे यजमान हयात नाहीत. मला दोन मुलगे. थोरला शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकामुलांसह राहतो. धाकटा आजारपणात गेला. त्याची बायको माझ्याजवळ राहते आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. तिला मी घरात धाकटी म्हणते, इथेही तेच म्हणेन. थोरल्याला यजमानांनी हयातीतच लेथचे वर्कशॉप यंत्रांसकट नावावर करून दिले. त्या वेळी धाकट्याने तोंडातून ब्र काढला नव्हता, एवढे सर्वांनी लक्षात ठेवावे.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे माझ्या पश्चात धाकटीला पूर्ण मालकीहक्काने द्यावे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, भिंतींना हवा तो रंग लावावा. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच. पुढच्या खोलीचे दार दमट हवेत फुगते, ते किंचित उचलून लावावे लागते. हे तिला माहीत आहे. तिच्या नव्या माणसाला माहीत नसेल, म्हणून लिहिले.

कलम ३. क्रोशाच्या सुया, सुताची रिळे, लोकर आणि नमुन्यांची पुस्तके धाकटीला. अपवाद एकच. टोक वाकलेली बारीक पोलादी सुई माझ्या जावेला द्यावी. तिने ती मागून नेली, वाकवून परत आणली आणि वर तोंड करून म्हणाली, “अगं, अशीच तर होती!” तशी नव्हती. तिच्या हातात ती ठेवावी आणि अशीच आहे म्हणून सांगावे.

लोकरीच्या दुकानदारावरही माझा राग होता. त्याने एकच निळा म्हणून दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलेले गुंडे माझ्या गळ्यात मारले होते. स्वेटरचे अंग एका निळ्याचे झाले, बाह्या दुसऱ्या निळ्याच्या, आणि यजमान तो बिचारे अंधार पडल्यावरच घालत. पण याच दुकानदाराने वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना सांगितले, “नमुना अडला ना? मागच्या गल्लीतल्या मावशींकडे जा.” त्याच्यामुळे माझे नाव झाले. म्हणून निळ्या स्वेटरची तक्रार मी इथे मागे घेते.

कलम ४. क्रोशाचा नमुना अडतो म्हणजे काय, हे वकिलांना किंवा न्यायाधीशांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून खुलासा करते. साखळी, खांब, म्हणजे उंच टाका, आणि मुका खांब, म्हणजे आखूड टाका, एवढ्यावर बहुतेक सगळे चालते. कागदावर लिहिलेले असते: फुलीपासून पुढे, एका घरात पाच खांबांचा पंखा, एक घर सोडून मुका खांब, फुलीपासून पुन्हा, शेवटचा पंखा अर्धा ठेवून वळा. यातली फुली, म्हणजे जिथून पुन्हा सुरू करायचे ती खूण, छापणाऱ्याने एक शब्द पुढे टाकली की झालाच घोळ. त्यात एका पुस्तकातला खांब तो दुसऱ्या पुस्तकातला मुका खांब असतो, आणि बाळाची टोपी बादलीएवढी होऊन बसते.

सगळ्यात वाईट म्हणजे ‘त्याच वेळी’. एक शाळामास्तरीण स्वेटरच्या काखेचा उतार पुरा करून, खुशीत पान उलटते तर पुढे लिहिलेले: त्याच वेळी गळ्याकडूनही टाके कमी करत जा. रडवेली होऊन माझ्याकडे आली. “मावशी, हे आधी नको का सांगायला?” मी म्हटले, “लिहिणाऱ्याला माहीत होतं ना बाई! त्याला वाटलं, तुलाही माहीत असणार.” जिला थोडे येते तिने लिहिलेला नमुना सुटतो. जिला फार येते तिचा सुटता सुटत नाही. म्हणून सुई हातात घेण्याआधी नमुना शेवटपर्यंत वाचायचा, हा माझा नियम. नमुना न वाचताच आलेल्या पोरींना मी परत पाठवत असे.

या कामाची मला घमेंड होती. धाकटीला मीच शिकवले. माझा हात सैल, तिचा घट्ट. तिच्या टाक्यांत पुढच्या ओळीची सुई शिरता शिरत नाही. यावरून मी तिला कमी बोललेले नाही. “टाके घालतेस की कुलपं?” असे चारचौघींत विचारायची. ती हसायची.

या वर्षी मी स्वतःसाठी पंख्यांची शाल विणायला घेतली. एका दुपारी ती मांडीवर पसरून हात फिरवत होते, तर मधल्या दोन ओळी बोटांना घट्ट लागल्या. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण विणणाऱ्या बाईची बोटे फसत नाहीत. त्या ओळी माझ्या नव्हत्या. खाली चाचपत गेले, तशा आणखी सापडल्या. अख्ख्या शालीत ठिकठिकाणी दुसऱ्याच्या हातचे टाके.

धाकटी कामावरून आली, तिला मी दारातच धरले. शेजारीण तिथे उभी होती, तिचीही भीड ठेवली नाही.

“माझ्या शालीला हात लावलास तू?”

“थोडासाच, आई. धागा निसटला होता.”

“धागा निसटला होता, की सासूला येत नाही असं वाटलं तुला? काल शिकलेली पोर तू! माझ्या कामाला हात लावायचा नाही.”

“चुकलं माझं,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी वरून मधल्या त्या दोन ओळींसकट शाल उसवली, नमुना समोर धरला आणि बसले. फुली सापडली. पाच खांब घातले. कागदाकडे पाहिले, आणि मी फुलीच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेच कळेना. पुन्हा फुलीपासून सुरू केले. पुन्हा तेच. अक्षरे ओळखीची, शब्द ओळखीचे, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागेना. हा नमुना मी कितीजणींना समजावून दिला असेल! ती परत यायच्या वेळी माझ्या मांडीवर पंख्यांच्या जागी नुसता गुंता होता. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, तशी मी शाल उशीखाली सारली. नापास झालेली मुले प्रगतिपुस्तक लपवतात, तशी.

नंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपून उठले, तर शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली. ओळी सरळ, पंखे जागच्या जागी, टाके घट्ट. एवढी बोलणी खाऊनही तिने ते पुन्हा केले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

याहून वाईट पुढे आहे, तेही लिहिते. मध्यंतरी एक मुलगी नमुना घेऊन आली. मी कागद हातात घेतला आणि चष्मा पुसत राहिले. धाकटी जवळ येऊन म्हणाली, “आई, इथे फुली एक घर आधी हवी होती, असंच ना?” मला विचारल्यासारखे करून तिने उत्तर माझ्या तोंडात घातले. मी मान हलवली. ती मुलगी जाताना म्हणाली, “मावशी, तुम्ही नसता तर काय केलं असतं आम्ही!” आणि मी ते मुकाट्याने घेतले. हसलेसुद्धा.

कलम ५. वरचे कलम गाळावे, असा वकीलबाईंचा सल्ला आहे. त्या म्हणाल्या, “उद्या हे कोर्टात गेलं तर तुमचा थोरला हेच पान पुढे करील. मग घर काही सुनेला मिळत नाही.” त्यांचे बरोबर आहे. थोरला त्याच्या मामाला फोनवर म्हणाला होता, “आईला हल्ली काही कळत नाही. ती पोरगी हवं ते लिहून घेईल.” फोन मामाने मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि मी शेजारी बसले होते. म्हणजे खरे लिहिले तर धाकटीच्या डोक्यावरचे छप्पर जाते, आणि लपवले तर मी पुन्हा उशीखाली शाल सारते.

म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली. वार सांगितला, तारीख एका दिवसाने चुकली. मग मीच पिशवीतून नमुना काढला आणि म्हटले, “हे मला समजत नाही. आधी समजायचं.” त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. “आजी, हे मलाही समजत नाही. तुमच्याकडे काय आहे?”

“घर आहे.”

“कुणाला द्यायचंय?”

“धाकटीला.”

“थोरल्याला का नाही?”

“त्याला वर्कशॉप मिळालंय. हिला कुणी काही दिलं नाही. मी तर बोलणीच दिली.”

“मग झालं की,” ते म्हणाले. “आपलं काय आहे, कुणाचा हक्क आहे आणि आपण काय करतोय, एवढं कळलं की मृत्युपत्राला पुरतं. पंखे नाही जमले तरी चालतं.” त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मी तिथेच रडले, तेही त्यांनी पाहिले.

आता थोरल्या, हे तुला. या कागदात तुला काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई सांगतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तुला काही मिळत नाही, तेव्हा तू होऊ शकतोस. मी हे सगळे तुझ्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. धाकटीपुढे लाज वाटली ती वाटलीच. तुझ्यापुढे जास्त वाटेल, कारण तू फोनवर बोललास त्यातले अर्धे खरे निघाले. उरलेले अर्धे खोटे आहे, ते तू समोर बसून पाहा. पटले तर सही कर. नाही पटले तर उठून जा, मी दुसरा साक्षीदार बघेन. पण मग माझ्या मागे कोर्टात जाऊन आईला कळत नव्हते असे सांगू नकोस. सांगायचे ते माझ्या तोंडावर सांग.

कलम ६. पुढचे माझ्या मरणानंतरचे नाही, त्याआधीचे आहे. मृत्युपत्रात ते बसत नाही असे वकीलबाई म्हणतात. बसत नसले तरी राहू द्यावे.

मला यापुढे आणखी कळेनासे होईल. तेव्हा माझ्या हातातली सुई काढून घेऊ नये. मी चुकीचे विणले तर धाकटीने खुशाल उसवावे, पण मी झोपलेली असताना नाही. माझ्या शेजारी बसून, मला दाखवून उसवावे. मी ओरडले तरी. तेव्हा मी जे काही बोलेन ते मी आजच मागे घेत आहे. तिच्या घट्ट टाक्यांबद्दल आजवर जे बोलले तेही. कारखान्यात असते तर तिचाच माल मी पास केला असता आणि माझा परत पाठवला असता.

शाल पुरी झाली तर ती धाकटीने वापरावी. मला नेताना अंगावर घालू नये.

येणेप्रमाणे मी लिहिले, ते माझे आहे. ज्या शब्दावर अडले तो धाकटीला विचारला. काय द्यायचे ते विचारले नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली, दार उघडे ठेवून.
दिनांक: एकोणीस, वार गुरुवार. तारीख कॅलेंडरवर पाहून लिहिली.

(सही) लिहून देणार

साक्षीदार:

१. शेजारीण. ज्या दारात यांनी सुनेला बोल लावले होते त्याच दारात उभी राहून मी हे सगळे ऐकले. यांनी सुनेची माफी मागितली, तीही ऐकली. सुनेला ती नीट घेता आली नाही. (सही)

२. मी, थोरला मुलगा. आई वाचत असताना मी शेवटपर्यंत बसून होतो. चौथ्या कलमात तिची ओळ दोनदा सुटली. धाकटीने कागदावर बोट ठेवून ओळ दाखवली, मग आईने पुढे वाचले. फोनवर मी बोललो ते शब्द तिने तसेच्या तसे वाचले, तेव्हा मला मान वर करता आली नाही. घर धाकटीचे आहे, माझी हरकत नाही. आईची ओळ सुटत होती. कुणाला काय द्यायचे, तिथे ती एकदाही अडली नाही. (सही)