घरपोच गाडी

॥ श्री गुरू बसवलिंगाय नमः ॥

लोहारा, दि. ९ डिसेंबर २०२५

चि. शिवकन्या हिस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझी अव्वाच बोलते. माझ्या हातात दिला की बरं आहे, जेवलीस का, एवढ्यावर माझं संपतं. म्हणून लिहितो. इकडं सगळं ठीक. तूर काढून झाली. थंडी बरी पडली आहे. अव्वाचे गुडघे कुरकुरतात, पण मन तिचं माहेरी, कर्नाटकात आळंदला. तुझी दोड्डव्वा महादेवी अंथरुणाला खिळली आहे, हे तुला ठाऊकच. मोठ्या बहिणीला बघायला जायचं म्हणजे जीपमध्ये दाटीवाटीनं उमरगा, तिथून पुढं दुसरी बस. आली की पाठ धरून बसते.

म्हणून गाडी घ्यायचं पक्कं केलं आहे. नवीच, लहान, पांढरी. एस.टी.तून निवृत्त होताना मिळालेली रक्कम तशीच बँकेत आहे. जन्मभर महामंडळाची गाडी चालवली, आता एक घरची चालवू. माझं एक मागणं आहे, ती मोबाईलवरून मागव. किराणावाल्या माणिकप्पाच्या जावयानं तशीच मागवली. एकाच ठिकाणी सगळ्या कंपन्यांच्या गाड्या दिसतात आणि नंबर लावून दारात येते म्हणे. उमरग्याच्या शोरूमला जायचं नाही. तिथले लोक बोलतात फार, हार घालून फोटो काढतात. मला ते सोसत नाही.

तब्येतीला जप. वेळेवर जेवत जा.

तुझा अप्पा,
शरणबसप्पा


पुणे, दि. १७ डिसेंबर २०२५

ती. अप्पांस,
शिवकन्येचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुमचंच, पण माणूस दुसराच वाटला. मिक्सर घ्यायच्या वेळी तुम्ही घरून शेंगदाणे आणि मिरच्या नेऊन दुकानातच चटणी वाटून बघितली होती. टिचकी मारल्याशिवाय कलिंगड घेत नाही तुम्ही. आणि आता अख्खी गाडी चित्रात बघून? मला वाटलं होतं, मीच ऑनलाइन म्हणाले असते तर तुम्ही आठवडाभर अबोला धरला असता.

असो, हुकूम झाला तसं केलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या मैत्रिणी गाड्या बघत बसलो. तीच गाडी, तोच रंग, आणि वेगवेगळ्या विक्रेत्यांचे भाव वेगळे. पांढऱ्यातही दोन प्रकार निघाले, एक दुधासारखा आणि एक मोत्यासारखा. दुधाचा घेतला, धूळ बसली तरी अव्वाला पुसायला बरा. बुकिंग माझ्या मोबाईलवरून झालं आहे. गाडी तिकडून निघेपर्यंत रद्दही करता येतं.

एक आनंदाची गोष्ट राहिली. चालवून बघायची गाडीसुद्धा हे लोक घरी पाठवतात. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी त्यांचा माणूस लोहाऱ्याला येईल, तुमच्या शेजारी बसेल, तुम्ही मनसोक्त फिरवून आणा. घाबरवू नका मात्र त्याला!

अव्वाला सांगा, गुडघ्याचं तेल पाठवलं आहे. तुमची माया आहे, म्हणून इथं करमतं.

तुमची,
शिवकन्या


लोहारा, दि. २४ डिसेंबर २०२५

चि. शिवकन्या हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तो माणूस पाठवू नको. ज्यानं लाल गाडी घाटातून काढली, त्याला शेजारी बसून कोण काय तपासणार? गाडी सगळी सारखीच असते. सरळ दारात येऊ दे. बाकी क्षेम.

अप्पा


लोहारा, दि. २ जानेवारी २०२६

चि. शिवा,
अव्वाचे लाख आशीर्वाद.

फोनवर तू खोदून विचारलंस तेव्हा हे समोरच बसले होते, म्हणून बोलले न्हाय. आता शेताकडं गेलेत. लिहिते, आणि टपालात मीच टाकून येते.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं उमरग्याला शोरूममध्ये गेलो होतो. तुला सांगितलं न्हाय, एकदम गाडी दाखवून तुला चकित करू म्हणाले होते. तिथले लोक चांगले होते गं. चालवून बघा म्हणाले. यांच्या शेजारी शोरूमचा माणूस, मागं मी. हायवेला लागलो. हे लई खुशीत होते, लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. तेवढ्यात डावीकडून एक बाई शेळ्या घेऊन रस्त्यावर आली. मला मागून दिसली, त्या माणसाला दिसली. यांना न्हाय. गाडी तशीच पळत होती. त्या माणसानं ओरडून हँडब्रेक ओढला, गाडी आडवी होऊन थांबली. बसवण्णाची कृपा, एका शेळीलाही लागलं न्हाय. पण ती बाई रस्त्यातच मटकन खाली बसली. तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत न्हाय.

मग तो माणूस अदबीनं म्हणाला, काका, तुम्ही जरा इकडं बसा, मी घेतो. हे उतरले, वळसा घालून डावीकडं जाऊन बसले. घरी आल्यावर म्हणाले, पोरीला बोलायचं न्हाय.

मी घरातही बघते. डावीकडं ठेवलेला तांब्या लवंडतो. दाराची चौकट खांद्याला लागते. डोळे दाखवा म्हटलं की उठून जातात. गाडी घरपोच आली की शेजारी कुणी परका बसणार न्हाय, असं त्यांच्या मनात आहे. पण शेजारी मी बसणार की गं.

तूच काय ते बघ. त्यांच्या मनाला लागेल असं मात्र करू नको.

तुझी अव्वा,
उमादेवी


पुणे, दि. ९ जानेवारी २०२६

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

अव्वानं मला उमरग्याचं सांगितलं. तिच्यावर रागावू नका. रागवायचंच तर माझ्यावर रागवा, मी दूर आहे, मला सोसेल.

अप्पा, निवृत्तीच्या दिवशी डेपोत हार घातल्यावर तुम्ही एकच वाक्य बोलला होता, माझ्या गाडीत बसलेल्या माणसाला कधी खरचटलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही वडील काय करतात हे सांगताना ड्रायव्हर हा शब्द मोठ्यानं उच्चारते. आता तुमच्या गाडीत अव्वा बसणार आहे.

बुकिंग रद्द करायला मला एक बटण दाबायचं आहे. ते मी दाबलेलं नाही. तुम्हाला न विचारता दाबणारही नाही. तुम्ही डोळे दाखवून या. डॉक्टर चालवा म्हणाले तर किल्ली मी स्वतः येऊन तुमच्या हातात देईन. नको म्हणाले तर पुढं काय, ते तिघं मिळून ठरवू.

चुकून जास्त बोलले असेन तर पोर समजून पोटात घाला.

तुमचीच,
शिवकन्या


लोहारा, दि. ३ फेब्रुवारी २०२६

चि. शिवकन्या हिस,
अप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागात होतो. अव्वा भाकरी पुढं ठेवायची, मी पाठ करून जेवायचो. मग एका सकाळी मीच तिला म्हणालो, चल, लातूरला जाऊन येऊ.

डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात बघायला लावलं. बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, मध्येमध्ये यंत्र बंद पडतंय. बंद पडत नव्हतं. दिवे लागत होते, मला दिसत नव्हते. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलं, डावीकडचं जास्त. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल. गाडी चालवायची नाही म्हणाल्या. मी विचारलं, फक्त आळंदपर्यंत? त्या हसल्या नाहीत. शांतपणे नाही म्हणाल्या. न हसल्याचं बरं वाटलं.

शिवा, बऱ्याच दिवसांपासून मला वाटायचं की रस्त्यावरची गर्दी कमी झाली आहे. तुझ्या अव्वाला मी तसं बोलूनही दाखवायचो. गर्दी होती तिथंच होती. हे कळल्यावर ती शेळीवाली बाई आठवली.

गाडी रद्द कर. मला वाईट वाटणार नाही असं लिहीत नाही. वाटेल. पण कर.

तुझा,
अप्पा

ता. क. मी अव्वा. पाकीट मीच बंद करते, म्हणून यांचं वाचलं. गाडी रद्द करू नको. उमरग्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी नाव घालून आले. साठी जवळ आली म्हणून काय झालं, पाय अजून पोचतात. बहीण माझी, माहेर माझं, मग गाडी मी का न चालवावी? यांना उद्या सांगते. गाडी जरा उशिरानं पाठव म्हणून त्या लोकांना कळव.


लोहारा, दि. २६ एप्रिल २०२६

चि. शिवकन्या हिस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडी आली. तू पुढं ढकललीस ते बरं झालं, कारण लायसन्सच्या परीक्षेत तुझी अव्वा पहिल्यांदा नापास झाली. गाडी मागं घेताना खांब पाडला. दुसऱ्या वेळी पास झाली आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटून आली. मी शिकवायला जायचो तर म्हणायची, अजून एक शब्द बोललात तर इथंच उतरवीन.

ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून गाडी बसस्टँडजवळच उतरवली. ही गर्दी! कोणत्या शोरूमची, असं जो तो विचारत होता. मोबाईलची, असं गोरोबा सांगत सुटला. माझ्या बसवर तो कंडक्टर होता, तू ओळखतेस. नारळ त्यानंच फोडला. गाडी आणणाऱ्यानं किल्ली माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, मालकीणबाई तिकडं आहेत. अव्वानं त्याच्या मोबाईलवर बोटानं सही केली आणि गाडी हळूहळू घरापर्यंत आणली. दोनदा बंद पडली. कुणी हसलं नाही. हसलं असेल तर मला दिसलं नाही.

परवा आळंदला जाऊन आलो. महादेवीनं बहिणीचा हात धरला तो सोडेना. कन्नडमध्ये काय काय बोलत होत्या दोघी. महिन्यातून एकदा तरी यायचं, असं तुझी अव्वा कबूल करून आली आहे.

आता एक सांगतो. दुसरा कुणी गाडी चालवत असला की मला कधी झोप लागली नाही. प्रवासी म्हणून बसलो तरी पाय आपोआप ब्रेक दाबत राहायचा. परवाही उमरगा येईस्तोवर दाबत होता. पुढं मी अव्वाकडं बघितलं. पदर खोचलेला, नजर रस्त्यावर, मी शेजारी आहे याची तिला आठवणही नव्हती. मग पाय कधी थांबला, कळलं नाही. जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं, गाडी महादेवीच्या दारात उभी होती, आणि माझी झोप मोडू नये म्हणून तुझी अव्वा न उतरता तशीच बसून राहिली होती.

सुट्टी काढून ये. उमरग्याला न्यायला आम्ही येऊ.

तुझा अप्पा,
शरणबसप्पा