काळ्या खडकावरचा मनोरा

सेंट ओदिल, नोव्हा स्कोशिया
४ डिसेंबर

ती. झेलीआत्यास,
रोझलीचा शि. सा. न. वि. वि.

घरचं काही फोनवर बोललं की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला समोरच बसतात, पण मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात.

आपल्या बोटीचं फेसबुकवरचं पान आता चांगलं चालतं. आज काय मिळालं ते मी टाकते आणि हॅलिफॅक्सची माणसं शेवंडं सांगून ठेवतात. धक्क्यावरच्या व्यापाऱ्याची मनधरणी करावी लागत नाही. त्याच पानावर मी घरचंही टाकायची, आईचे फोटो, माझी करपलेली बटाट्याची रापी. गेल्या आठवड्यात पिंजरा ओढताना बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी ते टिपलं आणि लगेच टाकलं. हजारोंनी पाहिलं.

त्यांच्या मागे चर्चचा मनोरा बरोबर काळ्या खडकाच्या टोकावर आलेला दिसत होता. आपली पिंजरे टाकायची जागा ओळखायची खूण तीच, पणजोबांपासूनची. दुसऱ्याच दिवशी तिथे परक्या बोटींच्या पिंजऱ्यांचे बोये तरंगत होते. बाबांनी सांगितलं, पान बंद कर, नाहीतर बोटीवर पाय ठेवू नकोस. आत्या, मला हीच बोट चालवायची आहे, आणि पानही बंद करायचं नाही. तू त्यांना समजाव.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, तो जरा बाबांपुढे वापर.
तुझी रोझली

मंक्टन
११ डिसेंबर

चि. रोझलीस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुझा कान पिळावासा वाटला. मी लग्न होऊन परगावी जाणार म्हणून आमच्या वडिलांनी ती खूण मला, सख्ख्या लेकीला, सांगितली नाही. तू ती गावभर वाटलीस. धन्य आहे तुझी.

एमिलला मी काही समजावणार नाही. माझा धाकटा भाऊ असला तरी बोटीचा तांडेल तो आहे. पण पान बंद केल्याने गेलेली जागा परत येणार नाही, हेही खरंच. तुझं चुकलं ते पान चालवण्यात नाही. बापाचं हसू घरात ठेवायचं, ते तू दुकानात मांडलंस. आधी ते दोन्ही वेगळं कर. आणि रोज पहाटे तयार होऊन धक्क्यावर जा. तो नेणार नाही. तरी जा.

तुझ्या रापीचा फोटो शेजारणीने दाखवला. बटाट्याचा कीस नीट पिळून घेत जा गं.

रागावले म्हणून माया आटली असं समजू नकोस.
झेलीआत्या

सेंट ओदिल
२२ जानेवारी

ती. झेलीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घरचं सगळं पानावरून काढलं. ते आता वेगळीकडे, फक्त आपल्या माणसांना दिसतं. बोटीच्या पानावर शेवंडं, पिंजरे आणि हात, एवढंच. किनारा दिसू द्यायचा नाही.

रोज पहाटे मेणकापडाचे कपडे चढवून धक्क्यावर उभी राहिले. बाबा शेजारून जायचे, दोर सोडायचे आणि खलाशी क्लोव्हिसला घेऊन निघायचे. लोक विचारायचे, आज फेसबुकवर किती शेवंडं धरली. रडू यायचं, पण हलले नाही. संध्याकाळी बोट लागली की पानावरून आलेल्या मागण्यांच्या पेट्या भरायची. त्याला बाबांनी कधी नको म्हटलं नाही.

सोमवारी त्यांनी क्लोव्हिसला धक्क्यावरच ठेवलं आणि मला सांगितलं, फोन घरी ठेवून ये. मी धावत गेले. जुन्या जागेवरून, त्या परक्या बोयांमधून आम्ही पुढे गेलो, मी कधीच न पाहिलेल्या पाण्यात. बाबांनी इंजिन मंद केलं, माझे खांदे धरून मला किनाऱ्याकडे वळवलं आणि काय कशावर आलं की थांबायचं ते दाखवलं. आजोबांनी अडीअडचणीसाठी राखलेली जागा. बाबांनीही तिथे आजवर पिंजरा टाकला नव्हता.

मग म्हणाले, "आता ही तुझी. पुढे कुणाला दाखवायची ते तू बघ."

पहिला पिंजरा मी सोडला. पान चालूच आहे.

जागा कुठे आहे ते तुलाही लिहिणार नाही, आत्या. राग मानू नकोस, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी रोझली