डिस्चार्ज म्हणजे बंडी रिकामी

सेलू, ता. ४ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस आजोबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी आजी काल घरी पोचली. जेवली, झोपली, उठून माझ्या हातचा चहा पांचट म्हणाली. म्हणजे बरी आहे. डॉक्टरांचे आणि तुम्हा नर्सबायांचे उपकार कसे फेडू?

पण पोरी, रागही आहे. मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तू शेजारच्या बापूरावांना निरोप दिलास. ते कुंपणावरून ओरडले, की आनंदाबाई डिस्चार्ज झाली. आपला फवारणीचा बॅटरीपंप डिस्चार्ज झाला की जागीच मरतो; मला दुसरा अर्थ कुठून ठाऊक? वाटलं, गेली. बापूराव विचारत होते, की काऊन रडून राह्यले. मग दारात ऑटो थांबला आणि ती आपल्या पायांनी उतरली. असला शब्द इंग्रजांनी काढला तरी कशाला, ते कळव.

तुझा,
अण्णाजी

सावंगी (मेघे), ता. ८ डिसेंबर

ती. आजोबांस मोहिनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पायरीवर बसून रडले. चुकलं माझं.

मूळ शोधलं. चार्ज हा शब्द फार जुन्या काळी गाडीवरून, म्हणजे आपल्या बैलबंडीवरून, निघाला. चार्ज म्हणजे बंडी भरणं, डिस्चार्ज म्हणजे ती रिकामी करणं. पुढे तो वाट्टेल तिथे शिरला. तोफ ठासली की चार्ज, उडाली की डिस्चार्ज. साहेबाने कचेरीचा भार घेतला तरी चार्ज, पोलिसांनी गुन्हा लावला तरी चार्ज. पुलगावचा शिपाई फौजेतून सुटला की डिस्चार्ज! आजीच्या छातीत पाणी भरलं होतं, ते ओझं उतरलं, एवढंच मला म्हणायचं होतं.

मला नर्सिंगला पाठवायला घरात तुम्हीच भांडलात, म्हणून त्या दिवसांत तिच्या उशाशी मी होते. हे विसरणार नाही.

माया अशीच असू द्या.
मोहिनी

सेलू, ता. १३ डिसेंबर

चि. मोहिनीस आशीर्वाद, वि. वि.

बंडीचा अर्थ पटला. पत्र आजीला वाचून दाखवलं. माझ्या रडण्याचं बापूरावांनी तिच्या कानी आधीच घातलं होतं. ती म्हणाली, की मी तुमाले इतकी लागतो, हे कधी काऊन नाई सांगतलं?

मग सांगून टाकलं. ऐकू येत नसल्याने माझा आवाज जरा मोठाच निघाला. आता सगळा मोहल्ला आजीला चिडवतो, आणि ती या वयात लाजते.

लोभ आहेच, येऊन वाढवजो.
तुझा,
अण्णाजी