रेखाबाईंची मान

४ डिसेंबर, गुरुवार
नवी पेशंट, रेखाबाई. लग्नांच्या स्वयंपाकात उलट्या मडक्यावर लांब रोट्या करतात. डोकं दुखतं. कायम उजवीकडे, मानेच्या वरच्या टोकापासून डोळ्यामागपर्यंत. मेंदूच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. मान तपासा म्हणून माझ्याकडे, फिजिओथेरपीला पाठवलं. सोबत नवरा, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला असतो. त्याचं ठरलेलं. "धुरानं होते हे. आता भट्टीवर रोट्या करनं बंद."
तो चपला घालायला बाहेर गेला. रे.बा. हळूच, "मॅडम, मानेतलंच निघू द्या."

५ डिसेंबर
मानेचा एकेक सांधा दाबून पाहिला. इथं दुखतं? हो. इथं? हो. डावीकडे? हो. शेवटी कोपर दाबला.
"हो मॅडम, थोडंसं."
"कोपरातून डोकं दुखतं?"
"तुम्ही एवढ्या मेहनतीनं दाबून राहिल्या. नाही कसं म्हणू?"
दोघी हसलो. तपासणी वाया. विचारण्याची पद्धतच चुकली.

८ डिसेंबर, सोमवार
आज काही विचारलं नाही. उताणं झोपवलं, डोकं दोन्ही हातांत घेतलं, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवली. असं वाकवलं की खालचे सांधे फारसे वळत नाहीत. वळतो तो कवटीखालचा. डावीकडे सहज गेलं. उजवीकडे मध्येच अडलं. पुन्हा. तिथंच. बसवून पाहिली तेव्हा हीच मान दोन्हीकडे ठीक वाटली होती.
मग त्या सांध्यावर अंगठा. जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "हेच. डोळ्यामागं येऊन राहिलं." अंगठा काढला. "गेलं."
मान. शंका नाही.

१० डिसेंबर
ओला टॉवेल दिला. रोटी करून दाखवा म्हटलं. हातांवर झुलवत ताणला, नजर खाली. मग हनुवटी तशीच छातीशी, मान झटक्यात उजवीकडे, टॉवेल मडक्याच्या जागी ठेवलेल्या स्टुलावर. अडते तीच दिशा. दर रोटीला.
"मडकं डाव्या हाताला घ्या."
"कसं घेऊ? मी पहिल्या चुलीवरची. तिथून मडकं उजवीकडंच येते."
"डावीकडे कुठल्या चुलीवर येतं?"
"शेवटच्या."
"मग तिथं बसा."
"तिथं शिकाऊ बसते, मॅडम."
पहिल्या चुलीवरची बाई सगळ्यांच्या रोट्या बघते, नापसंत पडली तर परत करायला लावते. हे नंतर, टॉवेल पिळताना सांगितलं.

१२ डिसेंबर
नवरा आला. त्याला समजावलं. धूर नाही, मान. बरी होईल, व्यायाम आणि जागा बदलणं, दोन्ही हवं.
"जागा बदलंन का हे? तुम्ही ओळखत नाही तिले."
"मी इथंच बसून आहो," रे.बा.
"मंग आयक. अठरा तारखेले पारशिवनीच्या लग्नात डोकं दुखलं त भट्टी बंद. कबूल हाय का, बोल वं."
"कबूल."
माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार
उजवीकडे आता बरीच पुढं जाते. अपेक्षा होतीच. हनुवटी अलगद आत घेण्याचा व्यायाम बसस्टॉपवरही करतात. "समोरचा माणूस मलेच मान हलवते, मॅडम. ओळख झाली आता."
जागेचं विचारलं. "पाहू."
मान मी सोडवू शकते. चूल नाही.

१८ डिसेंबर
पारशिवनीचं लग्न आज. दुपारी न राहवून फोन केला. मागे बायकांचा गलका, भांडी.
"डोकं?"
"अजून त नाही."
"कुठल्या चुलीवर बसल्या?"
त्या कुणाला तरी, फोन बाजूला न करता, "जाड झाली वं ते, परत कर."
मला म्हणाल्या, "ठेवते मॅडम, कणिक सैल पडून राहिली."
पंगत बसायची होती अजून, म्हणजे बहुतेक रोट्या व्हायच्याच.