दुसरा भाग उशीखाली

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तू पाठवलेल्या चिनी कादंबरीचे दोन्ही भाग वाचले. साधना करून अमर व्हायला निघालेला तो आळशी शिष्य आणि कोंबडीला घाबरणारा त्याचा गुरू आठवून हॉटेलच्या चादरींना इस्त्री करतानाही हसू येतं. पण दर प्रकरणात नवा शत्रू येऊन तीच धमकी देतो, आणि शेवटी हा बावळट शिष्य सगळ्यांना माफ करतो. माझं डोकंच फिरलं.

आमच्या सुपरवायझर बाई आपल्याच भाषेच्या. मी तापाने फणफणले होते, तेव्हा त्यांनी माझी रजा त्यांच्या भाचीला दिली. (तापाचं कळवलं नव्हतं. आता उतरलाय.) त्यांना मी मुद्दाम पहिला भाग वाचायला दिला. तो संपतो तेव्हा शिष्य कड्यावर लटकलेला असतो. आता बाई रोज माझ्यासाठी चहा आणतात आणि विचारतात, "दुसरा आला का गं?"

"ताईने अजून पाठवला नाही," मी सांगते. तो माझ्या उशीखाली आहे.

त्यांनी तुझा फोन नंबर घेतलाय. फोन आला तर पुस्तक वाळवीने खाल्लं म्हण. पण तो शिष्य शेवटी सगळ्यांना माफ करतो, हे सांगू नकोस. उगाच आशा लागेल त्यांना.

पिल्लांना पापा.
तुझीच,
धाकटी