झीलकऱ्याच्या वाट्याचं गाणं

आप्पा, तुम्ही मला कधीच काही पाठ करायला लावलं नाही, आणि त्यामुळं मी इथं पार अडचणीत आलो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर धड राग धरायलाही मला फुरसत मिळाली नाही, कारण मी एका जागी राहिलोच नाही. चाकणला प्रेसवर होतो, तिथून सुरत, मग गोव्याच्या बाजूला रस्त्याचं काम. मग कुणीतरी म्हणालं, लांब वर बर्फात बोगदा खोदतायत, डंपरवाले पाहिजेत. आलो. आता कारगिलच्या अलीकडं, द्रासच्या बाजूला पत्र्याच्या कॅम्पात राहतो. फोडलेला दगड आतून भरून आणायचा, बाहेर ओतायचा, परत आत जायचं. शेवगावच्या बाजारात जो भेटेल त्याला तुम्ही सांगायचा, "ह्याच्या बुडाखाली इंगळ हाय का काय, कोन जाणं." तो इंगळ अजून विझलेला नाही. इथल्या थंडीतसुद्धा नाही.

कॅम्पाच्या खाली एक गाव आहे. तिथं एक म्हातारा भट्टीत रोट्या लावतो, आमच्या मेसला त्याच्याच रोट्या येतात. सगळे त्याला चाचा म्हणतात. रोट्या आणायला गेलं की चाचा आधी शेर ऐकवणार, मग रोटी देणार. मागं रांग लागली तरी त्याला घाई नाही. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा डोक्यानं गेलाय. मग कळलं की ह्या गावाची रीतच तशी आहे. हिवाळ्यात खिंड बंद होते, निम्मे धंदे बंद होतात, आणि शुक्रवारची नमाज झाली की शाळेच्या मास्तरांच्या घरी शेगडीभोवती पंचवीसेक माणसं जमून शायरी म्हणतात. टेम्पोवाला, मेंढरंवाला, तहसिलातला कारकून, सगळे. थोडं उर्दूत, बाकी त्यांच्या शिना बोलीत. चहात साखर नाही, मीठ. तुम्ही पहिल्याच घोटाला दारात जाऊन थुंकला असता. मला चाचानं एका शुक्रवारी दंडाला धरून तिथं नेलं. "चलो महाराष्ट्र, रोज मुफ्त में सुनते हो, आज चाय के साथ सुनो." इथं माझं नाव महाराष्ट्रच आहे.

मी कोपऱ्यात बसलो. टेम्पोवाला उठला आणि त्यानं एक ओळ म्हटली. दुसरी म्हणायच्या आधी सगळ्या खोलीनं त्याची पहिली ओळ उचलली, परत म्हटली, आणि मग तो पुढं गेला. आप्पा, माझ्या अंगावर काटा आला. ही तर झील! तुम्ही डफावर थाप मारून ओळ टाकायचा, आणि मी आणि चुलते मागं कानावर हात ठेवून तिचा शेवट उचलून धरायचो, तुम्हाला दम घ्यायला आणि पुढचं सुचायला तेवढी जागा मिळावी म्हणून. तेच हे. फरक एवढाच की इथं घसा ताणत नाहीत, बसल्या जागी हळू म्हणतात. मला कुठलं हळू येतंय. पुढच्या ओळीला मी आपल्या सवयीनं जे उचललं, ते "जी जी" लावून पार छतापर्यंत नेलं. सगळ्यांनी वळून बघितलं. मेंढरंवाल्याच्या हातातला चहा सांडला. मग चाचा हसला आणि मग सगळे हसले. मास्तरांनी विचारलं, हे कुठं शिकलास? मी छाती काढून सांगितलं, माझे वडील शाहीर होते, मी त्यांच्या मागं झील धरायचो. "तो अगले जुम्मे तुम कहो," चाचा म्हणाला, "वालिद साहब का कलाम. उठाएँगे हम." मी हो म्हणून बसलो.

रात्रपाळीत डंपरवर बसून आठवायला लागलो तेव्हा कळलं, मी काय करून बसलोय. तुमचं ते गाणं, दिवाळीनंतर गाड्या ऊसतोडीला निघतात त्याचं, देवळाली प्रवऱ्याच्या उसाच्या फडावर आपल्या पाचटाच्या कोपीपुढं बसून तुम्ही रोज म्हणायचा ते. मला त्यातलं काय येतं? "घर मागं ऱ्हातं." "कोन तिथं गातं." "पानी कुठं जातं." नुसती शेपटं. ओळीचं तोंड तुम्ही म्हणायचा आणि मी तुमच्या पाठीकडं बघत शेवट कधी येतोय त्याची वाट बघायचो. सगळ्या गाण्यातली एकच ओळ अख्खी आठवते, कारण तिनंच सुरुवात व्हायची: "दावं सुटलं, चाक सुटलं, घर मागं ऱ्हातं." बाकी माझ्याकडं गाणं नाही, गाण्याचं मागचं टोक आहे.

आईला फोन लावला. म्हटलं, आप्पांचं ते गाडीचं गाणं तुला येतं का. "मला कुठं आयकू येत व्हतं? मी भाकरी थापीत व्हते," आई म्हणाली. "त्येंचं गानं सरायच्या आत पंधरा भाकरी व्हायला पायजेत, एवढंच मला ठावं." मग तीच म्हणाली, "चुलत्याला इचार. पन जपून, न्हाईतर म्हनंल म्याच रचलं." चुलत्यांना विचारलं. ते लई वेळ खाकरले आणि फोनवरच गायला लागले: "घर मागं ऱ्हातं जी, घर मागं ऱ्हातं..." तेही झीलकरीच की! मी म्हटलं, आणि त्याच्या आधीचं? तर म्हणाले, "आधीचं तो रोज येगळं म्हनायचा, लेका. ज्या गावात जाऊ तिथलं घालायचा. कोन ध्यानात ठिवनार? आन् तू काय आता तिथं बर्फात फड लावतोस का काय?"

आप्पा, हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मागं उभा राहिलो आणि ओळ रोज बदलते हे माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटायचं ते सगळं आधीपासून तयार आहे, कुठंतरी ठेवलेलं आहे, आणि तुम्ही फक्त काढून देताय.

मग काष्टीची यात्रा आठवली. म्हणजे ती काही विसरलो नव्हतोच. तुम्हाला मधेच खोकल्याची ढास लागली होती, डफ वाजत होता आणि ओळ येत नव्हती. मला राहवलं नाही. मी पुढं सरकून माझीच एक ओळ टाकली, काय होती तेही आता आठवत नाही, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. तुम्ही डफ थांबवला. सगळ्या यात्रेदेखत वळलात आणि म्हणालात, "झीलकऱ्यानं मागं ऱ्हायचं. पुढं मी हाय अजून." लोक हसले. मी चौदा-पंधरा वर्षांचा, मला वाटलं आता जमीन फाटावी. नंतर तुम्ही दुकानावरून गोडीशेवेचा पुडा आणून टेम्पोत माझ्या मांडीवर टाकलात. मी तो पुडा सगळा एकट्यानं खाल्ला, पण पुढं कधी गेलो नाही. गाण्यात नाही आणि दुसरीकडंही नाही. मुकादम म्हणेल ते, ठेकेदार म्हणेल ते, मी मागून उचलायचं. पटलं नाही की काम सोडून दुसरीकडं जायचं. भांडून पुढं होणं मला येत नाही, निघून जाणं येतं. आताही पहिला विचार तोच आला, की शुक्रवारच्या आत इथून गाशा गुंडाळावा. बॅगही भरली होती. पण खिंडीत बर्फ पडलेलं, रस्ता बंद. जाणार कुठं?

शुक्रवारी गेलो. चाचानं माझ्यासाठी शेगडीपाशी जागा ठेवली होती. मी उभा राहिलो, कारण बसून मला येत नाही, आणि तुमची ओळ टाकली. दावं सुटलं, चाक सुटलं, घर मागं ऱ्हातं. मास्तरांना हिंदीत अर्थ सांगितला, त्यांनी तो शिनात सांगितला, आणि त्या पंचवीस माणसांनी आपलं "घर मागं ऱ्हातं" उचललं. उच्चार वाकडातिकडा, पण उचललं. मग ते थांबले. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. पुढं कुणी नाही, आप्पा. तुमची पाठ नाही, डफ नाही. तोंडातून निघालं, "डोंगर आतून पोकळ झाला, कोन तिथं गातं." मी रोज जातो तोच डोंगर. त्यांनी तेही उचललं. मग मी खिडकीतून खाली बघितलं आणि म्हटलं, "नदी थिजली वरच्या अंगानं, पानी कुठं जातं."

ह्यावेळी मास्तरांना अर्थ सांगायची गरज पडली नाही. "पानी? पानी कहाँ जाता है?" चाचा म्हणाला, आणि तोही खिडकीकडं बघायला लागला. जन्मभर त्यानं ती नदी बघितली असेल. मग मेंढरंवाल्यानं हळूच सुरू केलं, "पानी कुठं जातं," आणि खोलीनं ते तीनदा उचललं. शेवटी तुमच्यासारखंच मला छाप घालायची होती, गाणं कुणाचं ते नाव. त्यांच्यातही तशीच रीत आहे. मी तुमचं नाव घातलं. माझं नाव तिथं घ्यायला जीभच वळली नाही. मास्तरांनी सगळं उजवीकडून डावीकडं उर्दू अक्षरांत उतरवून घेतलं आणि खाली तुमचं नाव लिहिलं. मला ते वाचताही येत नाही.

हे कुणाला पाठवायचं नाही म्हणूनच लिहितोय. आता रोज रोट्या घ्यायला गेलो की चाचा स्वतःचा शेर सोडून तीच नदीची ओळ म्हणतो, कपाळाला पीठ लागलेलं, डोळे मिटलेले. "क्या बात कह गए तुम्हारे वालिद!" मी मान हलवतो आणि रोट्या बांधून घेतो. पण तुम्ही थिजलेली नदी कधी बघितलीच नव्हती, आप्पा. गाडीचं गाणं तुमचं आहे, शेपटं तुमची आहेत, नाव तर तुमचं आहेच. ती ओळ मात्र माझी आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती परत पाहिजे.